मिलचा भोंगा आणि नवे पैसे

शाळेच्या दिवसांतल्या टाक-दौतीच्या आठवणी इथे निघाल्यात, त्यात आमच्या सोलापूरची थोडी भर. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. मिलचा भोंगा झाला की आई दप्तर हातात द्यायची. जुनी मिल १८७७ सालची, तिच्या भोंग्यावर गावच चालायचं. वर्गात निम्म्या पोरांचे वडील मिलमध्ये नाहीतर मागावर. शेजारी तेलुगू, मागच्या बाकावर कानडी; न शिकवता दोन्ही कानावर बसल्या.

पण सगळ्यात लख्ख आठवतं ते १९५७. १ एप्रिलला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि गणिताच्या मास्तरांनी फळाभर कोष्टक लिहिलं : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे मात्र १९ आणि चार आणे २५. तीनावर सगळा वर्ग अडला! मास्तरांनी पावणेएकोणीसचा हिशेब शांतपणे समजावला. इतकं सुरेख गणित मला पुढे कुणी शिकवलं नाही. एकेक आण्याची सोळा वेळा खरेदी केली तर ९६ पैशांतच काम व्हायचं, हे पोरांनी लगेच हेरलं. फुटाणेवाल्याशी रोज वाद. पुढच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतही पाळणेवाला भाव आण्यांतच सांगत होता.