कौशल्यं थेट मेंदूत अपलोड करता आली तर शाळा-क्लासेस लागणारच नाहीत?

रानपाखरू:
माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या पन्नासेक वर्षांत कौशल्यं थेट मेंदूत घालता येतील आणि आज आपण ज्याला शिक्षण म्हणतो त्यातलं निम्म्याहून जास्त गळून पडेल. जानेवारी २०२४ मध्ये एलन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली, हातपाय हलवता न येणारा तो तरुण नुसत्या विचाराने कर्सर हलवून बुद्धिबळ खेळतो. २०११ मध्ये बोस्टन आणि क्योटोच्या संशोधकांनी लोकांना एमआरआयमध्ये झोपवून, समोरचा गोल मनाने मोठा करा एवढंच सांगून (मेंदूत हवा तो सिग्नल उमटला की गोल मोठा व्हायचा), एका ठराविक कोनातल्या रेषा ओळखायची त्यांची नजर सुधारून दाखवली, आणि आपण काय शिकतोय हे त्या लोकांना माहीतच नव्हतं. फळा नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही. माझा भाचा लातूरला राहून नीटची तयारी करतोय, ड्रॉप घेतलाय, पहाटेपासून रात्रीपर्यंत एमसीक्यू. ह्या पोरांची वर्षं वाचणार असतील तर विरोध कशाला?

उंबरठा:
अजिबात सहमत नाही. कर्सर हलवणं म्हणजे मेंदूतले सिग्नल बाहेर वाचणं, त्यात आत काहीच लिहिलेलं नाही, बातम्यांमध्ये हे दोन्ही सरसकट एकच करून टाकतात. आणि त्या चिपला इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणारी टोकं, १०२४, मेंदूत न्यूरॉन, म्हणजे पेशी, सुमारे ८६०० कोटी. बरं, तबल्यावर तिरकिट वाजवायचं कौशल्य एका जागी फाइलसारखं पडलेलं नसतं, ते लाखो जोडण्यांच्या कमीजास्त ताकदीत असतं आणि ह्या जोडण्या प्रत्येकाच्या वेगळ्या, बोटांची लांबीसुद्धा वेगळी. एकाचं काढून दुसऱ्यात घालायचं म्हणजे नक्की काय घालायचं? तुमच्या क्योटोवाल्या प्रयोगातही लोक अनेक दिवस रोज येऊन तो गोल मोठा करायचा सराव करत होते. सराव तर करावाच लागला ना.

रानपाखरू:
लिहिता येतं हो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तोनेगावा नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबने उंदराला खोटी आठवण दिली, ज्या पेटीत त्याला कधीच शॉक बसला नव्हता त्या पेटीला तो घाबरायला लागला. इलेक्ट्रोडचं म्हणाल तर २००४ ला ब्रेनगेट नावाच्या अशाच मेंदूतल्या चिपच्या पहिल्या रुग्णाला शंभरेक होते, वीस वर्षांत दहापट झाले. हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, सुटेल.

उंबरठा:
तो उंदीर त्या पेटीत आधी स्वतः फिरून आला होता. तेव्हा ज्या पेशी जाग्या झाल्या त्यांनाच खूण करून ठेवली, मग दुसऱ्या पेटीत शॉक देताना प्रकाशाने त्याच परत चेतवल्या. म्हणजे आठवण त्याचीच, भीतीही त्याचीच, फक्त दोन्हीची गाठ माणसाने मारली. न बघितलेली पेटी त्याच्या डोक्यात घालता आलेली नाही, इलेक्ट्रोड वाढवून हा फरक जाणार नाही.

श्रवणवाट:
मी कर्णबधिर मुलांबरोबर थेरपीचं काम करते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाहेरून थेट नसेत सिग्नल घालणारं एक मशीन आपल्याकडे कितीतरी मुलांना बसलंय, कॉक्लिअर इम्प्लांट. कानाच्या आत जास्तीत जास्त बावीसेक इलेक्ट्रोडची तार, बाहेर माइकवाला प्रोसेसर. केंद्राच्या अ‍ॅडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत गरीब घरच्या लहान मुलांना हे मोफत मिळतं, वांद्र्याची अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची संस्था त्याचं काम बघते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी स्विच ऑन होतं आणि पालकांना वाटतं आता बाळ ‘आई’ म्हणणार. तसं होत नाही. मूल दचकतं, रडतं, कधी काहीच करत नाही. आवाज पोचलेला असतो पण तो कशाचा हे त्याला माहीत नसतं. मग मॅपिंगच्या, म्हणजे मशीन त्या मुलाला जुळवून घ्यायच्या फेऱ्या, रोज सकाळी आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज म्हणून तपासणं, आणि आईने दिवसभर बोलत राहणं, ही कुकरची शिट्टी, हा दाराचा आवाज, बाबा आले, तेच ते महिनोन्‌महिने, खरं म्हणजे काही वर्षं. ज्या घरात हे होतं ती मुलं सर्वसाधारण शाळेत जातात, कविता म्हणतात. ज्या घरात नाही होत तिथे लाखोंचं मशीन कानामागे नुसतं लटकत राहतं किंवा कपाटात जातं, आणि हे बघताना फार वाईट वाटतं. सिग्नल आत गेला म्हणजे मूल शिकलं असं मी तरी कधी बघितलेलं नाही, आमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

बांधावरून:
ताई तुमचं काम मोठं आहे पण मी रानपाखरू यांच्या बाजूने. शिक्षण म्हणजे माणूस घडणं, गुरू-शिष्य नातं वगैरे ज्यांना चांगले शिक्षक मिळाले तेच म्हणतात. आमच्या गावच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात निवडणूक आली की गुरुजी याद्या घेऊन दारोदार, गणित बुडालं ते बुडालंच. क्लासची फी भरायला बाप जमीन गहाण टाकतो. अशा पोराला एका दिवसात इंग्रजी आणि गणित मिळत असेल तर त्याला कुणी सांगू नये की कष्टातच खरी मजा आहे. आज मेहनत सगळे करतात, फळ पैसेवाल्याला मिळतं.

उंबरठा:
तुमचा राग रास्त आहे, पण ही चिप गावात आधी येईल असं का वाटतं? आर्गस टू नावाचं डोळ्यातलं इम्प्लांट होतं, जगभरात साडेतीनशेच्या आसपास अंध लोकांना बसवलं, कंपनीला परवडेना तसं तिने ते सोडून दिलं आणि लोक डोळ्यात जुनं यंत्र घेऊन राहिले, दुरुस्तीला कुणी नाही. शिकलेलं गणित असं कंपनीबरोबर बंद पडत नाही. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या हालचालींचं आणि त्यातून निघणाऱ्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं ते उगाच नाही.

रानपाखरू:
कायदा करा ना, मी कुठे नको म्हणतोय. श्रवणवाट, एक विचारतो, मोठेपणी ऐकू येणं गेलेल्या माणसाला इम्प्लांट बसवलं तर तो लवकर शिकतो ना? मग वेळ वाचतो हे माझं म्हणणं बरोबरच की.

श्रवणवाट:
लवकर जमतं, हो. सुरुवातीला त्यांनाही माणसं रोबोटसारखी बोलताहेत असं वाटतं, पण बरेच जण काही महिन्यांत फोनवर बोलतात, कारण भाषा डोक्यात आधीच असते. जन्मापासून ऐकू न आलेल्या आणि विशीत इम्प्लांट झालेल्या माणसाला तेच मशीन हॉर्न ऐकवतं, दाराची बेल ऐकवतं, बोलणं समजणं मात्र बहुतेकदा फार अवघड जातं. मशीन एकच. वेळ वाचला तो आधी शिकलेल्याचा. म्हणून ऑपरेशनची तारीख लांब असली तरी मी पालकांना सांगते, थांबू नका, खाणाखुणांनी का होईना आत्तापासून मुलाशी बोला.

बांधावरून:
मान्य करतो, पण मग थेरपीला माणूस पण तालुक्याला द्या. आमच्याकडच्या एका पोरीला मशीन मिळालंय आणि तिची आई दर आठवड्याला एसटीने जिल्ह्याला जाते, त्या दिवशीचा रोज बुडतो.