विश्वाच्या स्पष्टीकरणाला ईश्वर लागतोच का?

जिज्ञासू:
महास्फोट १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला. म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, सुरुवातीला कारण हवं आणि ते कारण ईश्वर. हा युक्तिवाद नेमका कुठे तुटतो? की तुटतच नाही?

दुर्बिणवाला:
पहिल्याच पायरीवर अडतो. महास्फोट सिद्धांत शून्यातून निर्मिती सांगत नाही. अतितप्त, अतिघन अवस्थेपासून पुढचं सांगतो, तेही आकड्यांत. पहिल्या काही मिनिटांत दर १४ प्रोटॉनांमागे साधारण २ न्यूट्रॉन उरले होते. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन जुळून हेलियमचं एक केंद्रक झालं, उरलेले १२ प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन. १६ पैकी ४ कण हेलियमात, म्हणजे वस्तुमानाचा चौथा हिस्सा. ताऱ्यांनी फारसं न बदललेल्या वायूत जवळपास तेवढंच हेलियम सापडतं. ४० टक्के सापडलं असतं तर सिद्धांत मोडीत निघाला असता. 'ईश्वराने केलं' या उत्तरात १० टक्केही बसतात आणि ९०ही. भौतिकशास्त्र ते घेत नाही ते एवढ्यासाठी, नास्तिकतेमुळे नव्हे. सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरू होते!

पूर्वपक्ष:
मान्य, पण हेलियमचं प्रमाण नियमांवरून निघालं. नियम कुठून आले? 'क्वांटम निर्वातातून (म्हणजे कण नसलेल्या रिकाम्या अवकाशातून) विश्व उपजलं' म्हणणारेही इथेच गफलत करतात. निर्वाताला ऊर्जा असते, नियम असतात. 'काहीच नाही' ते हे नव्हे. काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सचा १७१४ मधला प्रश्न विश्व अनादि निघालं तरी उरतोच.

मीमांसक:
उरतो, पण उत्तर ईश्वरच कशावरून? नैयायिकांचं, म्हणजे न्याय दर्शनाच्या तर्कपंडितांचं, ईश्वराबद्दलचं अनुमान असं: घट हे कार्य, त्याला कुंभार, जगही कार्य, म्हणून त्यालाही कर्ता. नैयायिक उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'तही 'कार्य' हाच पहिला हेतू, म्हणजे ईश्वरसिद्धीचं पहिलं कारण, आहे. मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टांनी त्याआधीच कुंभाराच्या दृष्टांतावर बोट ठेवलं होतं. कुंभाराला देह असतो. मग कर्त्यालाही देह माना, आणि तो देह कोणी घडवला ते सांगा. देह नको म्हणाल तर दृष्टांतच गेला. वेद प्रमाण मानणारे कुमारिल हे म्हणतायत, हे विसरू नका.

जिज्ञासू:
मग 'नियम मुळातच आहेत' म्हणून थांबणं आणि 'ईश्वर मुळातच आहे' म्हणून थांबणं, यांत फरक काय?

पूर्वपक्ष:
किती गृहीत धरावं लागतं, एवढाच. नियमांपाशी थांबलात तर त्यांना ज्ञान आणि इच्छा चिकटवावी लागत नाही. ईश्वरवादी म्हणेल, नियम वेगळे असू शकले असते, ईश्वर मात्र अवश्यंभावी आहे, म्हणजे तो नसणं शक्यच नाही. ती अवश्यंभाविता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागेल, कारण ईश्वर नसलेलं विश्वही तितक्याच सहज कल्पिता येतं.