नानांना घेऊन टेमागामीला: तारखा आत्ताच ठरवू या

मंदार: सगळ्यांनी वाचा. नाना मे ते ऑक्टोबर इकडे कॅनडात आहेत आणि त्यांना गोड्या पाण्यात गरी टाकायचीच आहे. केबिन आत्ता धरली तरच मिळेल. मी टेमागामी म्हणतोय, ऑन्टारियोच्या उत्तरेकडचं तळं. ब्रॅम्प्टनहून साधारण साडेचारशे किलोमीटर, ४०० हायवे, मग ११ नंबरचा हायवे, नॉर्थ बे शहराच्या पुढे शंभरेक किलोमीटर.

प्रसाददादा: जागेला माझा होकार. पण मेमधला लाँग वीकेंड धरू. पिकरल माशाचा सीझन तिथे मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. मासे तेव्हा कडेला उथळ पाण्यात असतात. बाबा १० मेला उतरतायत, बरोबर जमतं.

मंदार: दादा, मासे कडेला असतात हे खरं. तरी मे नको. तेव्हा बर्फ वितळून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात. गेल्या मेमध्ये मी आणि मित्र कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, उलटलो ते ग्रुपवर सांगितलं नव्हतं, आईला घोर लागला असता. काठ वीस हातांवर होता. पाण्यात पडल्या पडल्या श्वासच लागेना, नुसती धाप. काठावर आलो तर लाइफ जाकिटाचं बक्कल सोडवायला बोटं वळत नव्हती, मित्राने दातांनी ओढलं.

आत्या: अरे देवा! आणि हे आज सांगतोयस?

मंदार: आत्या, चुकलंच माझं. इथे १-१०-१ शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, मग १० मिनिटं हातपाय चालतात, आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपते. जाकीट अंगात असेल तरच हे गणित. नाना ६९ वर्षांचे आहेत, त्यांना त्या पाण्यावर मी नेणार नाही.

प्रसाददादा: हे माहीत नव्हतं रे. मे रद्द. मग जुलै?

श्वेता वहिनी: जूनमध्ये तर काळ्या माश्या कानामागे रक्त काढतात, शाळेच्या सहलीला मुलांचं काय झालं होतं आठवतंय ना. जुलैत डास. ऑगस्टचा शेवटचा आठवडा बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेनंतर शाळा सुरू, त्याआधी परत येऊ.

मंदार: वहिनी, अगदी हेच माझ्या मनात होतं. तेव्हा माश्या जवळपास नसतात. पिकरल जरा खोल गेलेला असतो, पण दिवेलागणीला वर येतो. त्याच्या डोळ्याच्या मागे मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं आणि तीच त्याची शिकारीची वेळ.

नाना: वाचतोय सगळं. हा पिकरल दिसतो कसा? काटे किती?

मंदार: नाना, अंगाला हिरवट सोनेरी झाक, तोंडात सुळे, आणि शेपटीच्या खालच्या टोकाला नखाएवढा पांढरा डाग. तो बघितला की ओळख पटली. काटे फार कमी. मांस पांढरं, घट्ट. पाईक मासाही लागेल, त्यात मात्र इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाट्याचे काटे असतात, ते काढायला हात बसावा लागतो.

नाना: हात आहे. काजळी नदीवर तुम्हा पोरांना घेऊन बसायचो तेव्हा काटे कोण काढायचं? आमिष काय लावतात? बारकी मासळी जिवंत घेऊन जाऊ.

मंदार: इथून न्यायची नाही, नाना. २०२२ पासून ऑन्टारियोचे आमिषासाठी चार विभाग केलेत. एका विभागातली जिवंत मासळी दुसऱ्यात न्यायला बंदी. रोग आणि परकी जात पसरते. मी रबरी आमिष आणि जिग, म्हणजे वजन लावलेली गरी, घेतोय.

नाना: योग्य आहे. आपल्या धरणांत चिलापी शिरली, मग बाकीच्या माशांना जागा उरली का? हा नियम मला पटला.

प्रसाददादा: बाबांना लायसन्स लागणार नाही, ६५ च्या वर आहेत.

मंदार: लागतं दादा. ६५ ची सूट कॅनडात राहणाऱ्यांना. नाना पाहुणे म्हणून येतायत, त्यांना परदेशी माणसाचं लायसन्स आणि आउटडोअर्स कार्ड दोन्ही घ्यावं लागेल. आठ दिवसांचं मिळतं, तेवढं पुरेल. तुझं कार्डही बघ, तीन वर्षांनी संपतं. मुलांना १८ पर्यंत काही नको.

श्वेता वहिनी: मुलांना तिथले मासे किती द्यायचे? पारा असतो ना?

मंदार: वहिनी, ऑन्टारियो सरकारची मार्गदर्शिका आहे, तळ्याचं नाव टाकलं की कुठल्या लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा ते दिसतं. मुलांसाठी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी आकडे वेगळे, कमी. मासा जितका मोठा तितका पारा जास्त. म्हणून खायला लहान, नियमात बसणारे ठेवू. मोठी मादी सोडूनच द्यायची, अंडी तिच्याच पोटात. आणि गाडीत आणताना तुकड्यांवर कातडीचा पट्टा ठेवायचा, मासा कोणता ते ओळखू आलं पाहिजे.

आत्या: फोन लागतो का तिथे?

मंदार: गावात लागतो, पाण्यावर भरवसा नाही. उपग्रहावरून मेसेज जाणारं यंत्र भाड्याने घेतोय, रोज संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी येतील. बाराशेच्या वर बेटं आहेत त्या तळ्यात, वाट चुकायला वेळ लागत नाही, म्हणून कागदी नकाशाही घेणार. अनिशिनाबे लोक पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात, बेअर आयलंडवर त्यांची वस्ती आहे. टेमागामी म्हणजे त्यांच्या भाषेत काठालाच खोल असलेलं पाणी. मुलांनी हे नाव लक्षात ठेवावं, एक पाऊल पुढे गेलं की तळ लागत नाही.

प्रसाददादा: ऑगस्टचा शेवटचा आठवडा, टेमागामी. केबिन मी धरतो. मोटरबोटीचं कार्ड माझ्याकडे आहे. संध्याकाळी ११ नंबरच्या हायवेवर मूस, म्हणजे इथलं भलंमोठं हरीण, आडवं येतं, म्हणून पहाटे निघू.

मंदार: एक राहिलं. जाकिटं भाड्याची नकोत. गेल्या वर्षी दुकानाने दिलेलं ढगळ होतं, पाण्यात पडल्यावर वर सरकून हनुवटीला अडकलं आणि मानच वळेना. प्रत्येकाच्या मापाचं विकत घेतो. नाना, छातीचं माप कळवा.

नाना: ३८ इंच. काकूने टेप लावून दोनदा मोजलं. स्वेटरवरून घालायचं असेल तर ४० धर.

मंदार: ४० धरतो.