नोव्हेंबरातली तपकिरी बदकं: मादी, पिल्लू की रंग न आलेला नर?

शेकाट्या
नमस्कार मंडळी. पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर) आठवी-नववीच्या मुलांना घेऊन गावच्या पाझर तलावावर नोंदी करायच्या आहेत. तालुका सिन्नर. वारकरी, टिबुकली, पाणकावळे, हळदी-कुंकू बदक या पाणपक्ष्यांची अडचण नाही. घोळ होतो तो पाहुण्या बदकांचा. जानेवारीत तलवार, थापट्या, भुवई बदक बघताक्षणी कळतात. आत्ता मात्र तलावावर ८०-९० बदकं आहेत आणि सगळी मातकट. पुस्तकातल्या नराच्या चित्राशी एकही जुळत नाही.

१) एवढ्या सगळ्या माद्याच कशा?
२) ८x४० दुर्बिणीतून, दीडशे-दोनशे मीटरवरून, कशावरून ओळखायचं? स्पॉटिंग स्कोप नाही.
३) त्यापेक्षा मुलांना नांदूरमध्यमेश्वरला न्यावं का? नोव्हेंबरात तिथं काय हाती लागतं?

गोदाकाठ
माद्या नाहीत त्या सगळ्या. त्यात माद्या आहेत, या वर्षीची पिल्लं आहेत आणि रंग उतरलेले नरही आहेत.

विणीनंतर उन्हाळ्यात ही बदकं उडायची पिसं एकदमच टाकतात. नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे उडता येत नाही. त्या काळात झगझगीत रंगाचा नर शिकाऱ्याला आयताच सापडेल, म्हणून अंगावरची पिसंही मादीसारखी मळकट होतात. पुढे शरदात अंगावरची पिसं दुसऱ्यांदा बदलतात आणि नराला रंग चढतो. हे काम आपल्याकडे पोचल्यावरही चालूच असतं. तलवार, गडवाल, तरंग यांचे बरेचसे नर डिसेंबरपर्यंत रंगात येतात, थापट्या रेंगाळतो, आणि भुवई बदकाचा नर तर जानेवारी-फेब्रुवारी उजाडला तरी मळकटच असतो.

आता कामाची गोष्ट. अंगावरची पिसं वर्षातून दोनदा बदलतात, पण पंखांची एकदाच. त्यामुळे मळकट नराच्या पंखावरचा रंग नराचाच राहतो. म्हणजे अंगाचा रंग सोडून द्या आणि चोच, पंख, बूड या क्रमाने बघा.

थापट्या सगळ्यात सोपा. चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाशी पसरट, आणि पुढचा भाग पाण्यात दबलेला. पिवळा डोळा दिसला तर नर. तपकिरी डोळ्यावरून मात्र मादी ठरवू नका, पहिल्या वर्षाच्या नराचाही डोळा तसाच असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही नरांच्या चेहऱ्यावर चोचीमागे फिकट चंद्रकोर दिसते. ती बघून लोक वेगळीच जात शोधत बसतात. तो थापट्याच.

तलवार बदक: लांब बारीक मान, चेहरा अगदी कोरा, एकही पट्टा नाही, मागे टोकदार शेपूट. मादीची चोच सरसकट गडद करडी. नराच्या चोचीच्या दोन्ही बाजू निळसर करड्या आणि मधून काळी पट्टी, ती रंग उतरल्यावरही राहते.

गडवाल म्हणजे खरी परीक्षा. बाकी काही दिसलं नाही तरी पंखाच्या मागच्या कडेला, अंगाजवळ, पांढरा चौकोन शोधा. बसलेल्या पक्ष्यात कधी नुसता पांढरा ठिपका डोकावतो, कधी तोही नाही. मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात.

तरंग बदकाचं डोकं गोल, कपाळ उभं, चोच आखूड, निळसर, काळ्या टोकाची. काठावर गवत खुडत चालणारं बदक दिसलं की आधी तरंगची शंका घ्या. उडताना पंखाच्या पुढच्या भागावर पांढरा डाग दिसला तर पक्का, वयात आलेला नर.

हळदी-कुंकू इथलाच रहिवासी. त्याच्यात नर-मादी सारखेच आणि वर्षभर तसेच, त्यामुळे आकाराचं माप म्हणून तो उत्तम. अनोळखी बदक त्याच्याएवढं की त्याच्या निम्म्याहून थोडं मोठं, हे आधी ठरवा. अर्धी यादी तिथंच गळते.

अडई
गोदाकाठ यांनी लहान बदकं वगळली, आणि पाझर तलावावर खरी गर्दी त्यांचीच असते.

चक्रांग ३४-३८ सेंमी, भुवई बदक ३७-४१ सेंमी. दोनशे मीटरवरून हा फरक डोळ्याला कळत नाही. चेहरा बघा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर ठळक पट्टे: डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ, चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका, गळा पांढुरका. चक्रांगचा चेहरा त्यामानाने साधा, आणि शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट आडवी रेघ. बहुतेक बदकं चोच पाठीत खुपसून झोपलेली असतात, तेव्हा ही मागची रेघच उपयोगी पडते.

मात्र ‘पंख बघा’ हा सल्ला थोडा जपून घ्या. बसलेल्या बदकाचा पंख बाजूच्या पिसांखाली झाकलेला असतो. तो दिसायचे प्रसंग तीनच: बदक पंख ताणतं तेव्हा, आंघोळ करून पाण्यावर उभं राहून पंख फडफडवतं तेव्हा, आणि भोवत्या हा शिकारी पक्षी तलावावर घिरट्या घालायला आला की सगळा थवा उठतो तेव्हा. थवा उठला तर दुर्बीण एकाच पक्ष्यावर ठेवा. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. मुलांनी दगड मारून थवा उठवायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा. दिवसभर झोपणारी ही बदकं रात्री चरतात. उठवलेला थवा दुसऱ्या पाण्यावर जातो आणि त्या दिवशी परत येईलच असं नाही.

पाण्यातून हवेत कशी उठतात तेही बघा. वरची सगळी बदकं पाण्यातून सरळ वर उठतात. लालसरी आणि शेंडी बदक पाण्यावर धावत जाऊन मग हवेत जातात. ती बुडी मारणारी, पाय मागे असलेली जमात. पाझर तलावात खोल पाणी भिंतीजवळ असतं, तिथं शोधा.

काठावरचा
ओळख पुढची गोष्ट, आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा. बहुतेक जण तलावाच्या भिंतीवर चढतात, कारण तिथून सगळं दिसतं. पण बदकांनाही तुम्ही आभाळावर काळे उभे दिसता, आणि ती पलीकडे सरकतात. शिवाय भिंतीजवळ पाणी खोल. वरवर चरणाऱ्या बदकांना फूट-दीड फूट पाणी लागतं, मान आणि चोच चिखलापर्यंत पोचेल इतकंच. ते असतं येव्याच्या बाजूला, जिथून ओढा तलावात शिरतो. तिथं बेशरम किंवा पाणकणसाच्या आड बसा.

नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळी पाठ आग्नेयेकडे हवी. समोर ऊन असेल तर चांगल्या दुर्बिणीतूनही बदकं काळ्या कागदाची कापलेली दिसतात, रंग-रेघ काही नाही. येव्याची बाजू पश्चिमेला निघाली तर कार्यक्रम संध्याकाळी साडेतीननंतर ठेवा. सकाळची वेळ सातपासून साडेनऊपर्यंत. त्यानंतर पाण्यावरची हवा हलायला लागते आणि दोनशे मीटरवरची चोच थरथरते. तो दुर्बिणीचा दोष नव्हे.

शाळेच्या दुर्बिणी हातोहाती फिरतात आणि प्रत्येक मूल ‘धूसर दिसतंय’ म्हणतं. कारण बहुधा उजव्या डोळ्याची कडी सरकलेली असते. लावायची पद्धत: उजवी भिंग झाका, डावा डोळा लावून मधल्या चाकाने एखादी फांदी स्पष्ट करा. मग डावी भिंग झाका, मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. कडी कुठं आली तिथं पेनाने खूण करून ठेवा, मुलागणिक वेगळ्या रंगाची. चष्मा असलेल्या मुलांसाठी डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर चित्र नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आणि पहाटेच्या गारठ्यात भिंगावर फुंकर मारून पुसायचं नाही, दव अजूनच धरतं.

शेकाट्या
मनापासून आभार, बरंच सुटलं. आज येव्याच्या बाजूला बसलो. एक लहान बदक: डोळ्यावर फिकट पट्टा, चोचीच्या बुडाशी ठिपका, चोच सगळी करडी, शेपटीजवळ रेघ नाही. भुवई बदक हे कळलं. पण पंख ताणल्यावर वरचा भाग निळसर करडा दिसला. मादीचा असतो का तसा?

अडई
नाही. मादीच्या पंखाचा तो भाग तपकिरी करडा असतो. तुम्ही पाहिलात तो नर, त्याची ठळक पांढरी भुवई अजून यायची आहे. फक्त थापट्याचाही पंख तिथं निळा असतो, तेव्हा मुलांना ‘निळा पंख म्हणजे भुवई’ असं सूत्र देऊ नका. चोच आधी.

गोदाकाठ
तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. नांदूरमध्यमेश्वर जरूर, पण गावचा तलाव करून झाल्यावर.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. गाळ साचून पाणी उथळ झालंय, बेटं आणि पाणवनस्पती वाढल्यात. बदकांना हवं ते नेमकं हेच. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक मार्गदर्शकही मिळतात. त्यांच्याकडे स्कोप असेल तर आधीच सांगून ठेवा, गडवालचा पांढरा चौकोन मुलांना एकदा मोठा दिसला की पुढे गावच्या तलावावर सापडतो. जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, कमळपक्षी, चमचे, भोवत्ये नोव्हेंबरातही असतात. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी बदलते आणि पक्षी जागा बदलतात. निघण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

रोहित पक्ष्यांची आशा मुलांना लावू नका. ते उथळ चिखल उघडा पडल्यावर येतात. पाऊस चांगला झाला असेल तर उजनी धरणसुद्धा नोव्हेंबरात काठोकाठ असतं, त्याच्या काठच्या भिगवणला रोहितांची खरी गर्दी पुढे पाणी ओसरल्यावर. तुतारी आणि चिखल्या या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचंही तेच. भरलेल्या धरणापेक्षा आटत चाललेल्या गावतळ्यावर ते आधी सापडतील.

मोजणीदार
मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. एकेक बदक मोजायला लावलंत तर ऐंशीच्या थव्याला पाच मुलं पाच आकडे सांगतील. आधी दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, मग तेवढे तुकडे थव्यावर पुढे सरकवत न्या. डावीकडून उजवीकडे एकदा, उलट दिशेने एकदा. फरक दहाच्या वर गेला तर तिसऱ्यांदा. बुडी मारणाऱ्या टिबुकल्या आणि लालसरी शेवटी मोजा, निदान दोन मिनिटं थांबून, कारण कोणत्याही क्षणी काही पाण्याखाली असतात.

जात नक्की नसेल तर ‘बदक, जात अनिश्चित: २३’ असं लिहायचं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्यासाठी पर्याय आहे. मुलांना ही मोकळीक दिली नाही तर उरलेली सगळी बदकं गडवालच्या खात्यात जातात. आणि नर-मादीचा रकाना नोव्हेंबरच्या तक्त्यातून काढून टाका, फेब्रुवारीत पुन्हा घाला.