दोन पास, तीन क्वार्टरबॅक: फार्व्ह, रॉजर्स आणि आता लव्ह

मिलवॉकीकर

शनिवारी आमच्याकडे जेवताना पुन्हा तोच वाद झाला. मी म्हणालो, जॉर्डन लव्हला अजून दोन वर्षं द्या. मित्र म्हणाला, "रॉजर्स असता तर..." आणि त्या 'असता तर'वर पानातला भात निवून गेला. म्हणून हा धागा.

अमेरिकन फुटबॉल ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक म्हणजे संघाची जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो. त्याचा पास समोरच्या संघाने झेलला की ते इंटरसेप्शन, चेंडू गेला. आमच्या ग्रीन बे पॅकर्सकडे १९९२पासून या जागेवर मुख्य म्हणून तिघंच झाले. ब्रेट फार्व्ह, २००८पासून अ‍ॅरन रॉजर्स आणि २०२३पासून लव्ह.

मला दोन पास शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.

जानेवारी १९९४, डेट्रॉइटजवळचं पॉन्टिअ‍ॅक. प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेरीचा) सामना, लायन्स २४-२१ पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही. फार्व्ह डावीकडे सरकत गेला आणि अंगाच्या उलट, अख्खं मैदान ओलांडून उजव्या कोपऱ्यात चेंडू भिरकावला. तिथे स्टर्लिंग शार्प एकटा उभा होता. ४० यार्डांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण), २८-२४. मी तेव्हा नुकताच इथे शिकायला आलो होतो, नियमही धड कळत नव्हते, पण खोलीतली पोरं ज्या पद्धतीने ओरडली ते अजून कानात आहे. तिथून फार्व्ह आमचा झाला.

जानेवारी २०२४, सांता क्लारा. पुन्हा प्लेऑफ, पुन्हा २४-२१ने मागे, पुन्हा मिनिटभर उरलेलं. लव्ह उजवीकडे पळत गेला आणि अंगाच्या उलट, मैदानाच्या मध्यात पास टाकला. तो फोर्टीनाइनर्सच्या ड्रे ग्रीनलॉच्या हातात पडला. सामना संपला.

धाडस तेच, घाई तीच. एकाला आपण देव केलं आणि दुसऱ्याला 'डोकं नाही' म्हणालो.

माझं म्हणणं असं की पॅकर्सचे चाहते नव्या क्वार्टरबॅकला कायम जुन्याच्या गुणांनी मोजतात आणि जुन्याचे दोष सोयीने विसरतात. २००८मध्ये उन्हाळी सरावात रॉजर्सची हुर्यो उडवली गेली ती फार्व्ह नाही म्हणून. आता लव्हला बोल लावतो ते रॉजर्स नाही म्हणून. रॉजर्सने पहिल्या वर्षी १० सामने हरले आणि ६ जिंकले होते, हे आज किती जणांना आठवतं?

---

चीजहेड_सांगलीकर

काका, लिहिलंय छान, पण मुद्दा पटला नाही. दोन पास सारखे दिसतात म्हणून ते टाकणारे सारखे होत नाहीत. शार्प पूर्ण मोकळा होता. लव्हने टाकला तो माणसांच्या गर्दीत, तेही बरोबरी साधायला फक्त एक फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला, तीन गुणांचा) पुरत असताना. धाडस त्याला म्हणत नाहीत.

आणि रॉजर्सचं नाव 'असता तर'मध्ये गुंडाळू नका. पॅकर्ससाठी ४७५ टचडाउन पास, १०५ इंटरसेप्शन. फार्व्हचे आकडे ४४२ आणि २८६. एवढी वर्षं, एवढ्या थंडीत खेळून चेंडू इतका जपणारा दुसरा कोण होता? २०११च्या सीझनमध्ये ४५ टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन. चार वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). फेब्रुवारी २०११ची सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), स्टीलर्सविरुद्ध ३१-२५, सामनावीर तोच.

लव्हला २०२४मध्ये चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्यानंतरच्या सीझनमध्ये लायन्स, व्हायकिंग्ज आणि ईगल्स या तीन तगड्या संघांशी प्लेऑफ धरून सहा सामने झाले, सहाही हरलो. फिलाडेल्फियातल्या त्या प्लेऑफमध्ये तीन इंटरसेप्शन. एवढा मोठा पगार असेल तर प्रश्न विचारायचेच नाहीत का?

---

हिमगौरी

मी अ‍ॅपल्टनला राहते, पॅकर्सच्या मैदानापासून, लॅम्बो फील्डपासून, अर्ध्या तासावर. दोघांशीही थोडी असहमत.

मिलवॉकीकर, आम्ही फार्व्हच्या इंटरसेप्शन विसरलो नाही हो, सोसल्या. जानेवारी २००२मध्ये सेंट लुईसला एका सामन्यात सहा. जानेवारी २००५मध्ये घरच्या मैदानावर व्हायकिंग्जविरुद्ध चार. त्या रात्री शेजारचे आजोबा, जे कधी आवाज चढवत नसत, अंगणात येऊन किती तरी वेळ स्वतःशी बोलत होते. तेव्हा 'त्याला देव केलं' हे अर्धंच खरं.

तरीही माणूस आपला वाटायचा, त्याचं कारण पासमध्ये नव्हतंच. तो यायचा. दर आठवड्याला यायचा. पॅकर्ससाठी सलग २५३ सामने, अंगठा मोडलेला असो की घोटा सुजलेला. डिसेंबर २००३मध्ये त्याचे वडील अचानक गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो ओकलंडला खेळायला उतरला. ३९९ यार्ड, ४ टचडाउन, ४१-७. माझे बाबा त्याच वर्षी साताऱ्यात गेले होते आणि मला वेळेवर पोचता आलं नव्हतं. मी तो सामना उभ्याने पाहिला. त्या रात्रीनंतर माझ्यासमोर त्याच्या इंटरसेप्शनचा हिशेब कोणी मांडला की मी उठून जायचे. हे तर्काला धरून नाही, मला मान्य आहे. पण चाहतेपणात हेही असतंच.

---

तिसरा_डाउन

सांगलीकर दादा, आकडे काढलेच आहेत तर पूर्ण काढूया.

रॉजर्स, मुख्य क्वार्टरबॅक म्हणून पहिलं वर्ष (२००८): २८ टचडाउन, १३ इंटरसेप्शन, प्लेऑफ नाही.
लव्ह, पहिलं वर्ष (२०२३): ३२ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ने हरवलं. सातव्या मानांकनाच्या संघाने प्लेऑफचा सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

नियमित सीझनच्या शेवटच्या आठ सामन्यांत १८ टचडाउन आणि एक इंटरसेप्शन. एक! आणि रिसीव्हर (पास झेलणारे) कोण? जवळजवळ सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षातले. रॉजर्सला सुरुवातीलाच डोनल्ड ड्रायव्हर आणि ग्रेग जेनिंग्ज मिळाले होते. प्लेऑफमधला पहिला विजय रॉजर्सला तिसऱ्या वर्षी मिळाला, लव्हला पहिल्याच.

फिलाडेल्फियात लव्ह वाईट खेळला, यात वाद नाही. पण रिसीव्हर वॉटसनचा गुडघा आधीच्या आठवड्यात गेला होता, डब्स डोक्याला मार लागून बाहेर, आणि सामना सुरू करणाऱ्या पहिल्याच किकऑफला आपण चेंडू हातातून सोडून दिला.

चेंडू जपण्याचं म्हणाल, तर जानेवारी २०२२ आठवा. घरचं मैदान, बर्फ, फोर्टीनाइनर्सविरुद्ध १०-१० बरोबरी. तिसऱ्या डाउनला (चार संधींतल्या तिसऱ्या) लझार्ड मोकळा होता आणि रॉजर्सने लांब पास टाकला अ‍ॅडम्सकडे, दोघांच्या घेऱ्यात. पास वाया गेला, चेंडू त्यांना द्यावा लागला आणि आपण १३-१०ने हरलो. इंटरसेप्शन झाली नाही, म्हणून आकड्यांत ती चूक दिसत नाही. मला वाटतं रॉजर्सच्या शेवटच्या वर्षांचं सगळं दुखणं त्या एका चालीत आहे: ज्याच्यावर विश्वास, फक्त त्याच्याकडे पास. लव्ह मोकळा असेल त्याला चेंडू देतो, मग तो कोणी का असेना.

---

चीजहेड_सांगलीकर

२०२२च्या त्या रात्री आपला पंट (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं) अडवला गेला आणि त्यावर त्यांनी टचडाउन केला, ते कोणाच्या नावावर? जानेवारी २०१३मध्ये फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक कॅपर्निकने एकट्याने पळत १८१ यार्ड काढले, तो डिफेन्स रॉजर्स खेळत होता का? जानेवारी २०१५मध्ये सिअ‍ॅटलला शेवटच्या चार मिनिटांत १२ गुणांची आघाडी होती, त्यांनी चेंडू परत मिळवायला मुद्दाम आखूड मारलेली ऑनसाइड किक आमच्याच माणसाच्या हातून निसटली. जानेवारी २०२१मध्ये टॅम्पाविरुद्ध दोन मिनिटं उरली असताना, आठ गुणांनी मागे असताना, प्रशिक्षक लाफ्लोरने चेंडू रॉजर्सच्या हातातून काढून घेऊन फील्ड गोल मारायला लावला. त्या निर्णयाची आठवण आली की मला आजही जेवण जात नाही.

रॉजर्सच्या वाट्याला एकच सुपर बोल आली याला रॉजर्स सर्वांत कमी जबाबदार आहे, हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

---

शिकागोतला_शेजारी

मी बेअर्सचा. तुमच्या घरातल्या भांडणात बोलू नये, पण राहवत नाही.

१९२०मध्ये या लीगची सुरुवात झाली तेव्हापासून आम्ही आहोत. आजवर आमच्या एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये ४००० यार्ड पास टाकलेले नाहीत. लव्हने पहिल्याच पूर्ण वर्षात ४१५९ टाकले. १९९२पासून तुमच्याकडे तीन नावं. आमची मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या वेळी माझ्या घरी 'हाच तो' म्हणून नवा शर्ट आला.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती कोणी बोलत नाहीये. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, लव्ह तीन वर्षं बसला. तुमच्याकडे पोराला शिकायला वेळ मिळतो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात मैदानात ढकलतात, राखण करणारी पुढची फळी तोकडी, पोरगं मार खाऊन खाऊन बिचकायला लागतं. तुमचं यश एकट्या फार्व्ह-रॉजर्सचं नाही, त्या बाकावरच्या तीन वर्षांचंही आहे.

---

हिमगौरी

शेजारी, हे मात्र शंभर टक्के पटलं. फक्त एक जोडते. त्या तीन वर्षांची किंमत आधीचा माणूस मोजतो. २०२०च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) वर सरकून लव्हला २६वा म्हणून निवडला, तेव्हा आदल्या सीझनमध्ये आपण सुपर बोलपासून एक सामना दूर होतो. रॉजर्सला रिसीव्हर हवा होता. त्या रात्री त्याला काय वाटलं असेल ते फार्व्हला २००५पासून, रॉजर्सला निवडलं तेव्हापासून, ठाऊक होतं.

---

मिलवॉकीकर

हिमगौरी, 'विसरलो नाही, सोसल्या' हे वाचून थांबलो. माझं वाक्य दुरुस्त करतो. आपण दोष विसरत नाही, ते पचायला जी वर्षं लागतात ती जुन्याला देऊन झालेली असतात आणि नव्याला द्यायचा कंटाळा येतो. फार्व्हच्या सहा इंटरसेप्शन आपण सोसल्या त्या त्याचं दहावं वर्ष चालू असताना, पदरी एक सुपर बोल असताना.

सांगलीकर, टॅम्पाच्या फील्ड गोलबद्दल तुझ्याशी भांडणं शक्यच नाही. पण एवढं सांग. फार्व्हचा पॅकर्ससाठीचा शेवटचा पास, जानेवारी २००८, लॅम्बोवर जायंट्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, इंटरसेप्शन. रॉजर्सचा शेवटचा पास, जानेवारी २०२३, लॅम्बोवरच लायन्सविरुद्ध, इंटरसेप्शन. त्यावरून आपण त्या दोघांना मोजत नाही. मग लव्हला सांता क्लाराच्या एका पासवरून का?

---

चीजहेड_सांगलीकर

एका पासवरून नाही काका. तीन पासवरून, तेही वर्षभरानंतरच्या प्लेऑफमध्ये. सांता क्लाराचा पास मी त्याला माफ केला होता, खरंच. मला वाटलं पोरगं शिकेल. फिलाडेल्फियात तो पुन्हा घाईतच दिसला.

मी त्याच्या विरोधात नाही. डॅलसचा सामना मी मुलाला मांडीवर घेऊन पाहिला, मुलाच्या पहिल्या जर्सीवर लव्हचा १० नंबर आहे, रॉजर्सचा १२ नाही. पण जानेवारीत, चार गुणांनी मागे, दोन मिनिटं हातात, आणि या तिघांतला कोणताही माणूस निवडायची मुभा असेल तर तुम्ही कोणाला उभं कराल? मनापासून सांगा.

---

मिलवॉकीकर

२०११चा रॉजर्स. विचार न करता.

पण तो २०११चा आहे. २००८मध्ये मला कोणी विचारलं असतं तर मी फार्व्ह म्हणालो असतो, आणि माझं चुकलं असतं.