द्राक्षांच्या कंटेनरचा कार्बन हिशेब: शेतकरी गटाच्या हातात काय आहे?

प्रश्न: द्राक्ष उत्पादक, दिंडोरी

नमस्कार. आमचा शेतकरी गट दर हंगामात नेदरलँड्सला द्राक्षे पाठवतो. यंदा तिकडच्या खरेदीदाराने रेसिड्यू अहवालाबरोबर (फळांवरील कीटकनाशकांच्या अंशांचा अहवाल) आणखी एक माहिती मागितली आहे: पॅकहाऊसपासून (माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा) रॉटरडॅम बंदरापर्यंत एक टन माल पोहोचवताना किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो कमी करण्यासाठी गट काय करणार आहे. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी आमच्या बागांचे जे नुकसान केले आहे, ते पाहता हा विषय आम्हाला परका नाही. त्यामुळे नुसता कागद भरून द्यावा असे वाटत नाही. काही सभासदांच्या मते इलेक्ट्रिक ट्रेलर घ्यावा. गटाची ऐपत मर्यादित आहे, तेव्हा सुरुवात कुठून करावी?

उत्तर: फॉरवर्डिंग व्यवसायातील, उरण

आधी हिशेब मांडून पाहावा. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या, कंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्षे बसतात. हा कंटेनर न्हावा शेवा बंदरातून रिकामा निघतो, कसारा घाट चढून आपल्या पॅकहाऊसवर येतो आणि भरून परत जातो, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे 400 किलोमीटर. ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर चालतो असे धरले, तर 130 लिटरच्या आसपास डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे टनामागे 27 किलो. शिवाय जनसेटचे, म्हणजे वाटेत रीफरला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचे, डिझेल वेगळे.

सागरी टप्प्याचा आकडा याहून बराच मोठा असतो. सुएझमार्गे रॉटरडॅम सुमारे 11,700 किलोमीटर आहे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बहुतेक कंटेनर जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि त्या मार्गाने हेच अंतर 20,000 किलोमीटरच्या घरात जाते. जहाजाचा वेग थोडा कमी केला तरी इंधन पुष्कळ वाचते, पण तो निर्णय शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, असतो. आपण लाइनकडून आयएसओ 14083 या वाहतुकीतील उत्सर्जन मोजण्याच्या मानकानुसार काढलेला आकडा लेखी मागू शकता. युरोपीय संघाने 2024 पासून जहाजांच्या उत्सर्जनावर शुल्क लागू केले असल्यामुळे लाइनना हा हिशेब तसाही ठेवावा लागतो.

उत्तर: ट्रेलरमालक, पिंपळगाव बसवंत

इलेक्ट्रिक ट्रेलरची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हंगाम चार महिन्यांचा आणि गाडीचे हप्ते बारा महिन्यांचे. त्यात घाटाची चढण आणि वाटेत चार्जिंगची सोय, हे सगळे जमेपर्यंत ते कर्ज गटाने अंगावर घेऊ नये.

डिझेल वाया कुठे जाते, ते आम्ही रोज पाहतो. खुडा उशिरा होतो, माल प्रीकूलिंगमध्ये (भरणीआधी थंड करण्याच्या खोलीत) पूर्ण थंड झालेला नसतो आणि तरीही बंदराचे गेट बंद व्हायच्या आत पोहोचायचे म्हणून कंटेनर भरला जातो. रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. अशा वेळी जनसेट रात्रभर पूर्ण जोराने चालतो आणि घडांच्या गाभ्यातले तापमान तरीही उतरत नाही. पुढे बंदराबाहेर रांग लागली, तर त्या सगळ्या तासांचे डिझेल वेगळे. म्हणून घडाच्या आत तापमापक खुपसून शून्य ते एक अंश दिसल्याशिवाय भरणी सुरू करायची नाही, हा नियम करावा. भरलेला कंटेनर आवारात थांबणार असेल, तर जनसेटऐवजी त्याला थ्री फेज विजेचा प्लग द्यावा.

रिकामी फेरी मात्र एकट्या गटाला टाळता येणार नाही, कारण फळांच्या रीफरमध्ये येताना दुसरा माल भरू देण्यास शिपिंग लाइन सहसा तयार नसते. इगतपुरी-कसारा मार्गावर विजेची इंजिने धावतात. रिकामे रीफर मालगाडीने नाशिकजवळ आणून साठवण्याची सोय हंगामापुरती झाली, तरी निम्मी घाटफेरी वाचेल. ही मागणी तालुक्यातील सर्व निर्यातदारांनी एकत्र येऊन करावी लागेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आणखी एक शंका आहे. जहाज चुकले तर थोडा माल विमानाने पाठवावा, असा प्रस्ताव दरवर्षी येतो. त्याचा या हिशेबावर कितपत परिणाम होईल?

उत्तर: फॉरवर्डिंग व्यवसायातील, उरण

तसे केल्यास बाकीची सारी बचत एका खेपेत संपेल. टन-किलोमीटरच्या (एक टन माल एक किलोमीटर नेण्याच्या) मापाने विमानाचे उत्सर्जन जहाजाच्या कित्येक पटींनी जास्त असते आणि विमानाचे अंतर कमी असले तरी तो फरक भरून निघत नाही. जहाज चुकल्यास माल शीतगृहात ठेवून पुढच्या फेरीने पाठवावा आणि खरेदीदाराशी करार करतानाच आठवडाभराची सवड लिहून घ्यावी. तसेच तिकडे नाकारला गेलेला कंटेनर म्हणजे सगळेच इंधन फुकट गेले. त्यामुळे भरणीच्या वेळचे तापमान नोंदवलेला तक्ता आपल्या उत्तरासोबत अवश्य जोडावा.