मोबाईलवर पान उजवीकडे बाहेर जातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात कोथरूडला राहते, काकूच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी साधं वेबपेज बनवतेय, त्यासाठी एचटीएमएल-सीएसएस (पान लिहायच्या आणि सजवायच्या भाषा) घरीच शिकतेय. लॅपटॉपवर चकली, अनारसे, चिवड्याचे फोटो एका ओळीत मस्त दिसतात पण मोबाईलवर उघडलं की सगळं मुंगीएवढं, भाव वाचायला झूम करावं लागायचं, मग व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान मोबाईलच्या रुंदीप्रमाणे दाखवायला सांगणारी ओळ) टाकला तर अक्षरं नीट झाली पण आता फोटो उजवीकडे बाहेर जातात. कार्डांना (फोटो-भावाच्या चौकटींना) विड्थ म्हणजे रुंदी ४०० पिक्सेल दिलीय, तेच नडतंय का? मांडणीसाठी सीएसएसमधलं फ्लेक्सबॉक्स घेऊ की ग्रिड? मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार वेगळी स्टाइल लावायची सोय) तर डोक्यावरून गेली. भाऊ म्हणतो सरळ बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) वापर, पण मला आधी पाया पक्का करायचाय (क्लासची फी ऐकूनच गप्प बसले). अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत यावर मराठीत बरं पुस्तक मिळेल का?